पापुद्र्यावरचं शिसं

त्या वर्षी आमच्या घरात बोलायला दोनच विषय होते. एक माझा पापुद्रा आणि दुसरा सासूबाईंचं पोट. पापुद्रा नेमका कशाकशाचा बनलाय हे तपासायला नागपूरच्या यंत्राची तारीख मिळत नव्हती, आणि सासूबाईंच्या पोटात काय बिघडलंय हे पुलगावातल्या एकाही डॉक्टरला सांगता येत नव्हतं. जेवताना एकदा याची चौकशी व्हायची, एकदा त्याची. नवरा डेपोतली नोकरी करून थकून यायचा आणि दोन्हीकडे सारखीच मान डोलवायचा.

मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझी पीएचडी म्हणजे वरातीमागून घोडं. माझ्याकडे बारावी झालेल्या मुलींची लग्नं होऊन त्यांची पोरं शाळेत जायला लागली, तेव्हा कुठे मी नाव नोंदवलं. कॉलेज, घर आणि प्रयोग अशी तारेवरची कसरत करताना वर्षं कशी गेली कळलं नाही. मुदत एकदा वाढवून झाली होती, आता पुन्हा वाढणार नव्हती.

विषय सांगायला सोपा आहे. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, रुई निघून गेली तरी सरकीच्या अंगावर आखूड कापूस चिकटून राहतो. तो मी वडनेरकडच्या एका जिनिंगमधून आणायचे. धुवायचे, आम्लात शिजवायचे, पुन्हा धुवायचे, आणि त्याचे इतके बारीक तंतू करायचे की कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा दिसू नयेत. त्या तंतूंचं पाणी गाळणीवर ओतून खालून पंपानं ओढलं की वर एक साय उरते. ती वाळली की झाला पापुद्रा. रुपयाएवढा गोल, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, जोरात श्वास सोडला तर बशीतून उडून जाईल असा. पाण्यात शिशासारखा जड धातू असला तर हा त्याला धरून ठेवतो, असा माझा दावा. पण दाव्याच्या आधी पापुद्र्यात मुळात काय आहे ते दाखवावं लागतं. कापसाचा आहे ना, मग त्या यंत्राला त्यात कार्बन आणि ऑक्सिजन दिसला पाहिजे. तिसरं काही ठळक दिसलं की परीक्षक विचारणार, बाई, हे कुठून आणलं?

सासूबाई त्यांना पापड म्हणायच्या. "झाले का वं तुहे पापड? एवढा कापूस, एवढं पाणी, एवढा ग्यास, अन् पापड निंगते मूठभर. तेबी खाता येत नाई." पण हे बोलताना त्या माझ्या वाटणीच्या पोळ्या लाटत असायच्या. नाव नोंदवायचं मी घरात काढलं तेव्हा सगळ्यात पहिला होकार त्यांचा होता. "शिक ना बाप्पा. पोळ्या मी करते. मले तं चौथीच्या पुढं कोनी विचारलंच नाई." त्यांच्या जिभेचा मला राग यायचा आणि त्यांच्यावर माझा जीव होता. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे सासरी राहिलेल्या कुठल्याही बाईला सांगावं लागणार नाही.

त्यांचं दुखणं हळूहळू आलं. आधी पोटात कळा. मग जेवण जाईना. तोंडात सारखं लोखंड चघळल्यासारखं वाटतं म्हणायच्या. रंग उतरला, ओठ पांढरे पडले. एका डॉक्टरनं गॅस सांगितला, दुसऱ्यानं वय सांगितलं, तिसऱ्यानं रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पोट आणखी बिघडलं. मग मनगटं ढिली पडली. घागर उचलून ओट्यावर ठेवणारी ही बाई, पोळी लाटता लाटता थांबायची आणि लाटणं नुसतं धरून उभी राहायची. मी बघितलं की म्हणायची, "काय पाह्यतं? पीठ घट्ट झालं." पीठ मीच मळलेलं असायचं, आणि ते चांगलं सैल असायचं. मला भीती वाटायची. ही बाई आपल्या डोळ्यांदेखत संपत चालली आहे आणि आपण मात्र कापूस शिजवतोय, असं वाटायचं.

अखेर वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांचा नंबर लागला. आणि त्याच आठवड्यात नागपूरहून यंत्राची तारीख आली. दोन्ही एकाच दिवशी. दैव देतं आणि कर्म नेतं ते असं. मी नागपूरला फोन करून तारीख बदलून मागणार होते. सासूबाईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"माहं पोट कुठी पळून जात नाई. तुही मशीन जाईन."

"आई, मशीनचं पुढं बघता येईल."

"कवा? तुही मुदत सरल्यावर? चूप बस. मी जाईन मंग कवाबी."

नवऱ्याला डेपोतून रजा मिळेना. सासरे नेऊ शकले असते. पण सासऱ्यांचं बाजारात दुकान, किराणा आणि एका अंगाला पूजेचं सामान. दुकान बंद ठेवणं त्यांच्या लेखी पाप. स्वतःला ताप असला तरी ते गल्ल्यावर बसून तापायचे. तसे बोलायलाही बेताचे. बायकोचं कौतुक म्हणून त्यांनी काही केल्याचं मी पाहिलं असेल तर एवढंच, की दुकानात नवा माल आला की त्यातलं सगळ्यात लाल, सगळ्यात चढं कुंकू ते आधी पुडीत बांधून घरी आणायचे. सासूबाई ते भांगात भरायच्या आणि कपाळावर रुपयाएवढं लावायच्या. तर सासरे म्हणाले, पुढच्या खेपेला नेतो. आणि वर्ध्याचा नंबर हुकला.

आमच्या घरात कुणाचंही महत्त्वाचं काम असलं की त्या कामाची वस्तू आदल्या संध्याकाळी देवापुढे ठेवायची रीत आहे. परीक्षेचं हॉल तिकीट, नव्या गाडीची किल्ली, नवऱ्याचं नोकरीचं पत्र, सगळं तिथे मुक्काम करून गेलेलं. माझ्या पापुद्र्यांचा डबाही मी मुकाट्यानं ठेवला. आत काचेच्या झाकणाच्या बशा, बशीत एकेक पापुद्रा. सकाळी सासूबाईंनी हातावर दही-साखर ठेवली, कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "जाय. चांगलं होते."

नागपूरचं ते यंत्र मी आधी चित्रातच पाहिलं होतं. पोलादी पिंप, त्याला सगळीकडून नळ्या, आतली हवा काढून टाकलेली. पापुद्रा आत ठेवायचा आणि त्याच्यावर क्ष-किरण सोडायचे. त्यातून इलेक्ट्रॉन उडतात, आणि ते किती जोरानं उडाले यावरून कोणत्या मूलद्रव्यातून आले ते कळतं. मला या यंत्राची एक गोष्ट फार आवडते. त्याला खोलातलं काही दिसत नाही. अगदी वरवरचा थर दिसतो, पण तो असा दिसतो की त्यापासून काही लपत नाही. नुसता हात लागला तरी कळतं.

यंत्र चालवणारा मुलगा हुशार होता, सारखा च्युइंगगम चघळायचा. पडद्यावर रेघ पुढे सरकायला लागली. ऑक्सिजनचं शिखर आलं. मी श्वास सोडला. थोड्या वेळानं कार्बनचं आलं. आणि त्यानंतर, जिथे रेघ सपाट राहायला हवी होती, तिथे दोन टोकदार शिखरं जवळजवळ उभी राहिली. मुलाचं चघळणं थांबलं.

"मॅडम, लेड टाकलं का यात?"

"नाही."

"बघा ना. हे दोन एकासोबत एक म्हणजे लेडच. दुसरं कोणी असं जोडीनं नाही येत इथं."

दुसरा पापुद्रा घातला. तीच जोडी. तिसरा घातला. थोडी बुटकी, पण तीच. शिसं पकडायला म्हणून केलेल्या माझ्या पापुद्र्यानं कुठून तरी शिसं पकडून आणलं होतं, आणि कुठून ते मला माहीत नव्हतं. मार्गदर्शक फोनवर शांतपणे म्हणाले, उगम शोधा, नाहीतर हे सगळं काम बाद होईल. महिनाअखेरीस एक तास मिळवून देतो, त्यापुढे माझ्या हातात काही नाही. मी म्हटलं बरं. गाडीत सेवाग्राम येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. त्यानंतर रडले. समोरच्या बाईनं संत्र्याच्या दोन फोडी पुढे केल्या. मी त्या खाल्ल्या.

घरी आले ती वाघिणीसारखी. माझा राग आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे, त्या दिवशी गल्लीच्या पलीकडेही गेला असेल. कापसावर कुणी काय फवारलं? आम्लाच्या बाटलीत भेसळ आहे का? कॉलेजच्या टाकीचा पाइप कसला आहे? नवऱ्यानं "उद्या बघू" म्हटलं म्हणून त्याच्यावरही घसरले. "ज्या ज्या वस्तूला हे लागलं, ज्याचा ज्याचा हात लागला, ते सगळं मी तपासणार," असं मी जाहीर केलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. नेहमी माझ्या एका वाक्याला त्यांची दोन असतात. त्या दिवशी त्या एक शब्द न बोलता आत गेल्या. बरं नसेल, असं मला वाटलं.

तपासायला मला नागपूरच्या यंत्राची गरज नव्हती. शिसं ओळखायची एक परीक्षा आम्ही बारावीच्या मुलांकडून दर वर्षी करून घेतो. वस्तू सौम्य आम्लात उकळायची, गाळायची, आणि त्या पाण्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकायचे. शिसं असलं की पिवळंधमक होतं. मी कापूस तपासला. काही नाही. आम्ल, नळाचं पाणी, गाळणी, बशा, पंपाची रबरी नळी. काही नाही. स्टीलचा डबासुद्धा विसळून तपासला. सगळं पाण्यासारखं स्वच्छ. मुली म्हणत होत्या, मॅडम आजकाल प्रयोगशाळेतच राहतात. महिना सरत होता आणि माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

एका सकाळी कॉलेजला निघताना सासूबाई दारात आडव्या आल्या. हातात कागदाची पुडी.

"हे बी तपास."

"काय आहे?"

"कुंकू. माहं."

"कुंकवाचा काय संबंध, आई?"

त्या माझ्याकडे न बघता उंबऱ्याकडे बघत बोलल्या. "लागलंय ते तुह्या पापडाले. तू झोपलती. म्या डबा उघडला, अन् एकेकाले बोट लावलं. जरासं. मंग वाटलं, तू चिडशीन. म्हनून पदरानं पुसून टाकलं. लाल काईच दिसत नोतं वं. म्या पाह्यलं ना."

इतक्या वर्षांत माझ्यापुढे मान खाली घातलेली ही बाई मी पहिल्यांदा बघत होते.

"नव्या गाडीले लावतो आपण," त्या म्हणाल्या. "फ्रिज आनला, त्याले लावलं. तुह्याच कामाले काऊन नाई लावायचं? एवढी मेहनत करून राह्यली तू."

मी पुडी घेतली आणि निघाले. रागानं कान तापले होते. रस्त्यात मला हसूही येत होतं. एका बोटाचं कुंकू आणि एका पदराची पुसणी, आणि तेवढ्यावर माझी इतक्या वर्षांची मेहनत आडवी पडली होती. पुसल्यानं तर ते आणखी पातळ होऊन सगळीकडे पसरलं असणार, त्या यंत्राला बघायला सोयीचं. पण कुंकवात शिसं निघेल असं मला खरंच वाटत नव्हतं. कुंकू म्हणजे हळद आणि चुना, असं पुस्तकात मीच शिकवते.

मधल्या सुट्टीत पुडीतली चिमूटभर आम्लात उकळली. गाळली. थेंब टाकला. नळीत पिवळा ढग उतरला. मी ती तापवली, पिवळं विरघळून गेलं. मग नळी स्टँडला लावून थंड व्हायला ठेवली, आणि पाण्यात सोनेरी कण उगवायला लागले. चमकत, फिरत, सावकाश खाली बसत. मुलांना हे दाखवते तेव्हा वर्गात ओरडा होतो. मी एकटीच होते, तरी ओरडले. सापडलं! पापुद्रा स्वच्छ होता. नागपूरला न नेलेले दोन पापुद्रे कॉलेजच्या कपाटात बंद होते, त्यांना बोट लागलं नव्हतं. आता काही बाद होत नव्हतं. मी टेबलावर ताल धरला, खोटं कशाला सांगू.

सोनेरी कण अजून खाली बसत होते. ते बघता बघता माझे हात थांबले. पापुद्र्याला हे एकदा लागलं, आणि तेही पुसलं. सासूबाईंच्या कपाळाला हे रोज लागतं. भांगात रोज भरलं जातं. घामाबरोबर ओघळतं, बोटाला लागतं, आणि त्याच बोटानं त्या कणीक मळतात, लोणच्याची फोड काढतात, पिठाची चव बघतात. तोंडात लोखंड. पोटात कळा. पांढरे ओठ. ढिलं मनगट. शिशाच्या विषबाधेची लक्षणं मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. मुलं ती पाठ करतात. मी तशीच स्टुलावर बसले आणि उरलेले तास दुसऱ्यांना द्यायला सांगितले.

वर्ध्याला पुन्हा नंबर लावला आणि त्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी सासूबाईंच्या कपाळावरचं कुंकू बघितलं, खालची सोललेली कातडी बघितली, आणि रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आला. रक्तात शिसं होतं, चांगलंच होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं, औषधानं उतरेल. पण हे कुंकू आजपासून बंद. आणि कपाळाची जखम भरेपर्यंत दुसरं काहीही लावायचं नाही, टिकलीसुद्धा नाही.

मला वाटलं, सुटलो. संध्याकाळी सासरे आले तेव्हा मी त्यांना समजावून सांगितलं, की हळदीऐवजी शिशाचा लाल शेंदूर घातला की कुंकू असं चढं दिसतं. ते हातातला पेला धरून उभे राहिले. पाणी प्यायले नाहीत.

"म्याच आनून देत होतो," ते म्हणाले. "चांगलं पाहून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातलं ते सगळं कुंकू खाली उतरवलं आणि येईल त्या बाईला सांगायला लागले, माझ्याकडून नेलं असेल तर लावू नका. धंद्याच्या माणसानं स्वतःच्या मालाबद्दल असं बोलणं सोपं नसतं. घरी मात्र ते कुणाकडे बघत नव्हते.

आणि सासूबाई कुंकू सोडायला तयार नव्हत्या.

"गोळ्या खाते मी. कितीबी खाते. कुंकू नाई पुसत."

"आई, विष आहे ते."

"असू दे. तुह्या सासऱ्यासाठी लावते मी. पुसलं अन् यायले काई झालं मंग?"

"कुंकवानं काही होत नसतं."

"तुले माहीत हाये का?"

मी काय नाही सांगितलं? मंगळसूत्र आहे, हिरव्या बांगड्या आहेत. त्या म्हणाल्या, लोक पहिले कपाळ पाह्यते, गळा मंग. हळद-चुन्याचं करून देते, जखम भरली की ते लावा, म्हटलं. त्या म्हणाल्या, तोवर काय बोडकं कपाळ घेऊन फिरू? मी चिडले, विनवलं, चमकणारे कण नळीत आणून दाखवले. त्यांनी ते कौतुकानं बघितले, "सोन्यावानी दिसते वं" म्हणाल्या, आणि सकाळी मागच्या पुडीत उरलेलं कुंकू लावून बसल्या. रसायनशास्त्रात माझ्याकडे जेवढं होतं ते संपलं. त्या मरतील आणि हट्टानं मरतील, असं मला वाटलं, आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

त्या दिवशी सासरे दुकानात निघाले नाहीत. नेहमीची वेळ टळून गेली. त्यांनी बाहेरच्या ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि सासूबाईंना हाक मारली. मी आतून ऐकत होते.

"कुंकू कायले लावते तू?"

"आता हे काय विचारनं झालं?"

"मी जगावं म्हनूनच ना? मंग मी हा इथी बसतो. तुह्या डोळ्यासमोर. पाहून घे, जित्ता आहो का नाई ते. दिसतो तोवर औषध खाय, अन् कपाळ धू."

"दुकान?"

"राह्यते."

"अन् लोक?"

"लोकबी पाह्यतीनच ना मले. एवढा मोठा मानूस बसला आहो."

मग मोरीतून पाण्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा कपाळ ओलं होतं, मधे लालसर जखम. लग्न होऊन मी या घरात आले त्यानंतर त्यांचं मोकळं कपाळ मी कधी पाहिलं नव्हतं. त्या एकदम लहान दिसल्या. मी गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला.

तेव्हापासून सासरे रोज ओट्यावर बसायला लागले. दुकान सकाळी थोडा वेळ उघडायचं, नंतर नवरा सुट्टी असेल तेव्हा सांभाळायचा, नाहीतर बंद. नाचणगावहून दूध घालणारी बाई आली, तिची नजर आधी सासूबाईंच्या कपाळावर गेली, मग घाबरून खुर्चीकडे. सासऱ्यांनी तिला मोठ्यानं रामराम केला. आयुष्यात कुणाला आपण होऊन रामराम न घालणारा माणूस, येईल जाईल त्या बाईला रामराम घालत होता. सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. कामाला आत गेल्या तरी मधूनच दारात येऊन बघून जायच्या, आणि बघितलं की गोळी घ्यायच्या. भूक हळूहळू लागायला लागली. एकदा त्यांनी मला हाक मारून सांगितलं, "आज वरनाले वरनाची चव लागली वं."

महिनाअखेरीस मी कपाटातले दोन पापुद्रे घेऊन नागपूरला गेले. या खेपेला डबा देवापुढे ठेवला नाही, आणि सासूबाईंनीही विचारलं नाही. यंत्रावर तोच मुलगा होता. ऑक्सिजन आला. कार्बन आला. पुढे रेघ सरळ, सपाट, निवांत चालत गेली. "क्लीन, मॅडम," तो म्हणाला, "एकदम कापूस." मी घरी फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला. कुणी उचलेना. नको ते मनात आलं आणि मिळाली त्या गाडीनं निघाले. पुलगाव स्टेशनवर रिक्षावाल्याला म्हटलं, दादा, जरा लवकर चला.

दिवेलागण व्हायची होती. दोघंही ओट्यावर बसले होते. सासरे खुर्चीत, सासूबाई खाली पायरीवर, मधे लसणाचं ताट. फोन आत वाजत राहिला असणार. मी धापा टाकत उभी राहिले.

"निंगालं का शिसं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही निघालं. नुसता कापूस."

"बरं झालं बाई." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं आणि मग सासऱ्यांकडे वळल्या. "आता उठा तुमी. ही आली घरी. दुकानात जाऊन या जरा, गिऱ्हाईक वापस जात अशीन."

सासरे हलले नाहीत.

"बसू दे ना वं," ते म्हणाले. "लगन झालं तवापासून तुह्यासंग असा बसलोच कवा मी?"

सासूबाईंनी लसणाचं ताट थोडं त्यांच्याकडे सरकवलं. सासऱ्यांनी एक गड्डा उचलला, आणि कुठून सुरू करायचं ते त्यांना कळेना, म्हणून सासूबाईंनी एक पाकळी सोलून दाखवली.